घरचा फोन : स्वस्त कोणता?

(फोनचे दर कसे ठरत आले आणि आपल्या घरासाठी स्वस्त सेवा कशी निवडावी, हे या पाठात सांगितले आहे. गणिताची वही जवळ घेऊन पाठ वाचावा.)

मुलांनो, तुरीची डाळ घ्यायची असली की आपण दोन-चार दुकानांत भाव विचारतो. जेथे माल चांगला आणि भाव कमी, तेथे डाळ घेतो. हे काम सोपे असते, कारण किलो सगळ्या दुकानांत सारखाच असतो. फोनचे मात्र तसे नाही. कोणी मिनिटाचा भाव सांगतो, कोणी सेकंदाचा, तर कोणी दिवसांचा. मापेच वेगवेगळी असली, तर स्वस्त काय आणि महाग काय हे ओळखायचे कसे? त्यासाठी ही मापे कोठून आली, हे आधी पाहू या.

आपले कारंजा हे जुने व्यापारी गाव आहे. गावाला चार वेशी आहेत : दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. वेशीतून निघालेली वाट ज्या गावाकडे जाते, त्या गावाचे नाव वेशीला मिळाले. पोहा आपल्याच तालुक्यातले. मंगरूळ आणि दारव्हा थोडे पुढे. दिल्ली मात्र शेकडो किलोमीटर दूर. फोनचा जुना दर समजून घेण्यासाठी या वेशींचा चांगला उपयोग होतो, कारण तो दर अंतरावर ठरत असे.

फार पूर्वी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल लावावा लागे. टेलिफोन ऑफिसात नंबर नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. ज्याला घाई जास्त, त्याने पैसे जास्त मोजायचे. पुढे ग्राहकाला स्वतःच परगावचा नंबर फिरवता येऊ लागला. या सोयीला एसटीडी म्हणत. आपल्या देशात ही सोय पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांत सुरू झाली.

१९९० च्या दशकात तर गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उघडले. काचेची लहानशी खोली, आत फोन आणि समोर लाल आकड्यांचे यंत्र. बूथ देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य मिळे, त्यामुळे अनेकांना रोजगार मिळाला. बोलणाऱ्याचे निम्मे लक्ष बोलण्याकडे आणि निम्मे त्या लाल आकड्यांकडे असायचे! ते यंत्र काय मोजत असे? ते युनिट मोजत असे. एका युनिटची किंमत ठरलेली होती. बदलत असे ते युनिटमधल्या सेकंदांचे प्रमाण. गावातल्या गावात एका युनिटमध्ये काही मिनिटे बोलता येई. दारव्ह्याला त्याच युनिटमध्ये कमी वेळ मिळे. दिल्लीला तर ते काही सेकंदांतच संपे.

वेळेप्रमाणेही दर बदलत असे. दिवसा कामकाजाच्या वेळी पूर्ण दर, संध्याकाळनंतर अर्धा, आणि रात्री उशिरा पाव. समजा, दिवसा एक युनिट ३ सेकंदांत संपते. मग २ मिनिटांच्या बोलण्याला ४० युनिटे लागतील. पाव दराच्या वेळी तेच युनिट १२ सेकंद चालेल, म्हणजे १० युनिटांत तेवढेच बोलणे होईल. म्हणून रात्री अकराच्या सुमारास बूथवर रांगा लागत. मुलगा मुंबईला कामाला असेल, मुलगी लग्न होऊन दूर गेली असेल, तर आईबाप जागे राहून पाव दराची वाट पाहत. त्या काळी निवडायला दुसरी कंपनीच नव्हती. मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरे सोडली, तर सगळीकडे सरकारचे दूरसंचार खातेच फोन देत होते. निवडता येत होती ती फक्त वेळ.

पुढे हे चित्र बदलले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले आणि देशात मोबाइल सुरू झाला. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ही संस्था स्थापन झाली. कंपन्यांचे दर आणि ग्राहकांचे हक्क यांवर ती लक्ष ठेवते. १ ऑक्टोबर २००० पासून सरकारी खात्याची फोनसेवा बीएसएनएल या कंपनीकडे आली. परदेशी कॉलची विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ मध्ये संपली.

मोबाइलवर सुरुवातीला फोन करणाऱ्याला पैसे पडत, आणि फोन घेणाऱ्यालाही पडत! फोन वाजला की लोक आधी नंबर पाहायचे आणि मगच उचलायचे. यातूनच ‘मिस्ड कॉल’ची युक्ती निघाली. एकदा वाजवले म्हणजे ‘पोचलो’, दोनदा वाजवले म्हणजे ‘तू फोन कर’. कंपनीला एक पैसा न देता निरोप पोचत असे. मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला, तरी ही युक्ती पुष्कळ वर्षे टिकली. (आजही काही घरांत ती चालते. आपल्या घरी विचारून पाहा.)

१ मार्च २००६ रोजी बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी देशात कोठेही एका रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आणली. अंतराचे माप येथे जवळजवळ संपले आणि मिनिट हे माप उरले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने एका सेकंदाला एक पैसा असा दर लावला. मिनिटाच्या हिशेबात ६१ सेकंद बोलले तरी दोन मिनिटांचे पैसे जातात, सेकंदाच्या हिशेबात ६१ पैसेच जातात. मग सेकंदाचा दर नेहमीच स्वस्त का? तसे नाही. समजा, दुसरी कंपनी मिनिटाला ५० पैसे घेते. बरोबर एक मिनिट बोललो, तर तिच्याकडे ५० पैसे आणि पहिलीकडे ६० पैसे लागतील. २० सेकंदच बोललो, तर तिच्याकडे ५० पैसे आणि पहिलीकडे २० पैसे. म्हणजे आपण किती वेळ बोलतो हे कळल्याशिवाय स्वस्त कोण हे सांगता येत नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. इंटरनेटचे पैसे द्या, बोलणे फुकट, असे तिने जाहीर केले. इतर कंपन्यांनाही मागे राहता आले नाही. आता रिचार्ज करताना आपण मिनिटे विकत घेत नाही, दिवस विकत घेतो. २८ दिवस, ८४ दिवस, ३६५ दिवस. त्या दिवसांत वाटेल तेवढे बोला. जो दिवसभर बोलतो, त्याचा यात मोठा फायदा झाला. पण जो दिवसातून तीनच मिनिटे बोलतो, तोही तेवढेच पैसे देतो. २०१८ च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. तेव्हापासून ज्याला फक्त आलेले फोन घ्यायचे आहेत, त्यालाही फोन चालू ठेवण्यासाठी पैसे भरावे लागू लागले.

आठवीतील एका विद्यार्थिनीच्या घरी यावरूनच प्रश्न उभा राहिला. तिच्या दादींकडे बटणांचा साधा फोन होता. इंटरनेट त्यांना लागत नव्हते, वापरताही येत नव्हते. रिचार्जची मुदत संपत आली तेव्हा अब्बा म्हणाले, “अम्मींचा नंबर आता बंद करू या. घरात आणखी दोन फोन आहेतच.” दादी काही बोलल्या नाहीत. फोन तेवढा उचलून उशाशी ठेवला.

मुलगी म्हणाली, “अब्बा, आणखी एकदाच रिचार्ज करा. कोणाचे फोन येतात ते मी लिहून ठेवते.”

तिने जुन्या वहीत चार रकाने आखले : तारीख, कोणाचा फोन, कोठून आणि किती मिनिटे. २८ दिवसांनी वही सगळ्यांनी पाहिली. दादींनी स्वतः केलेले फोन चारच होते. आलेले फोन एकतीस. फुफीचा दारव्ह्याहून एक दिवसाआड येई. चाचा दुबईहून दर शुक्रवारी दोन-तीन मिनिटे बोलत. बँकेचा आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांचा संदेशही याच नंबरवर येत होता. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग दादींच्या खात्याचे संदेश कोणाच्या हातात पडले असते? अब्बांनी वही दोनदा वाचली. नंबर बंद करण्याचा विषय तेथेच संपला. आता प्रश्न एवढाच उरला, की तो कमी खर्चात चालू कसा ठेवायचा.

त्या मुलीने केलेला हिशेब आपणही करू. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितले, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचा वेगळा रिचार्ज ठेवा. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये असे रिचार्ज आले. त्या वेळचे दर असे होते. एअरटेल : ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांना १८४९ रुपये. जिओ : ८४ दिवसांना ४४८ रुपये आणि ३३६ दिवसांना १७४८ रुपये. त्याच सुमारास एअरटेलचा इंटरनेटसह २८ दिवसांचा रिचार्ज १९९ रुपयांना होता. दादींच्या फोनवर हाच होत असे.

आधी २८ दिवसांकडे पाहू. लोक याला महिन्याचा रिचार्ज म्हणतात, पण वर्षात असे ‘महिने’ १३ होतात. १९९ ला १३ ने गुणा. २५८७ रुपये! बारा महिन्यांचे वर्ष आणि तेरा महिन्यांचा खर्च. या तक्रारी फार झाल्या, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक रिचार्ज ठेवण्याचा आदेश दिला.

आता सगळ्यांना एकाच मापात आणू. रुपयांना दिवसांनी भागले, की एका दिवसाचा खर्च कळतो. १९९ भागिले २८, म्हणजे ७ रुपये ११ पैसे. ४६९ भागिले ८४, म्हणजे ५ रुपये ५८ पैसे. ४४८ भागिले ८४, म्हणजे ५ रुपये ३३ पैसे. येथपर्यंत सरळ आहे. पुढची जोडी मात्र नीट पाहा. एकीकडे १८४९ रुपये, दुसरीकडे १७४८ रुपये. नुसते रुपये पाहणारा म्हणेल, दुसरा १०१ रुपयांनी स्वस्त. पण पहिला ३६५ दिवस चालतो आणि दुसरा ३३६ दिवस. भागाकार केला तर पहिल्याचा दिवस ५ रुपये ७ पैशांना पडतो आणि दुसऱ्याचा ५ रुपये २० पैशांना. जो स्वस्त वाटला, तोच महाग निघाला! आणि गंमत अशी, की ८४ दिवसांच्या रिचार्जमध्ये हीच दुसरी कंपनी स्वस्त होती. तेव्हा ‘अमुक कंपनी स्वस्त’ असे कोणी सांगितले, तर ‘किती दिवसांसाठी?’ असे विचारावे. जाहिरातीत रुपयांचा आकडा ठळक आणि दिवसांचा बारीक असतो, म्हणून आपण बारीक आकडा आधी वाचावा.

हिशेब सांगत होता, की १८४९ रुपयांचा रिचार्ज सर्वांत किफायतशीर. २८ दिवसांच्या मानाने वर्षात ७३८ रुपये वाचतात. पण अब्बांच्या हातात एकदम १८४९ रुपये नव्हते. येथे गणित बरोबर असते, पण खिसा ऐकत नाही. ज्याच्याजवळ एकरकमी पैसे असतात त्याला वस्तू स्वस्त मिळते, आणि थोडे थोडे देणाऱ्याला तीच महाग पडते. किराण्याचेही असेच आहे. पावशेराने साखर घेणारा पोत्याने घेणाऱ्यापेक्षा जास्त भाव देतो. मला हे नेहमी खटकते, पण आहे ते असे आहे.

मुलीने मधला मार्ग काढला. तिने ८४ दिवसांचा रिचार्ज सुचवला. तो एअरटेलकडेच घेतला, तर वर्षभराच्या दराने सुमारे २०३८ रुपये पडतात. जुन्या खर्चात साडेपाचशे रुपयांची बचत आणि एका वेळी काढायचे ४६९. कंपनी बदलली असती तर आणखी २१ रुपये वाचले असते. पण फुफीच्या घरी जाऊन दादी चार-चार दिवस राहतात, आणि त्यांच्या फोनला तेथे रेंज चांगली मिळते. एकवीस रुपयांसाठी ती गोष्ट धोक्यात घालायची नाही, असे ठरले.

रेंज हा दराचाच भाग समजावा. फोन लागत नसेल, तर स्वस्ताईचा उपयोग काय? आपण कारंज्यात राहतो, पण आपली माणसे कामरगावला, उंबर्डा बाजारला, धनजला असतात. शेत गावाबाहेर असते. ज्या ठिकाणी फोन खरोखर वापरायचा, तेथे उभे राहून दुसऱ्या कोणाच्या फोनवरून एकदा बोलून पाहावे आणि मगच कंपनी निवडावी.

काही घरांत आता तारेने इंटरनेट येते आणि त्यासोबत घरच्या फोनवरून बोलणे फुकट मिळते. येथे कर पाहावा लागतो. मोबाइलच्या रिचार्जची किंमत करासह सांगतात, तारेच्या इंटरनेटची बहुधा कर सोडून. २०२० मध्ये जिओने महिना ३९९ रुपयांची योजना आणली, पण त्यावर १८ टक्के कर मिळवला की ४७१ रुपयांच्या जवळ जाते. घरात शिकणारी मुले असतील आणि सगळे मिळून इंटरनेट वापरत असतील, तर हे परवडते. नुसत्या बोलण्यासाठी मुळीच परवडत नाही.

आता चाचांच्या फोनबद्दल. दुबईहून साध्या फोनवर केलेला कॉल महाग पडतो, म्हणून ते दोन-तीन मिनिटांत आवरतात. “व्हॉट्सअ‍ॅपवर का बोलत नाही?” असे मुलीने विचारले. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येते, पण बोलता येत नाही. तेथे परवानगी असलेली दुसरी अ‍ॅप्स वापरावी लागतात, आणि तेच अ‍ॅप येथील फोनवरही असावे लागते. सौदी अरबने इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. म्हणजे परदेशी बोलताना आपल्या कंपनीचा दर पाहून भागत नाही. त्या देशाचा नियमही पाहावा लागतो. वेळेचेही भान ठेवावे. कारंज्यात रात्रीचे ९ वाजतात, तेव्हा दुबईत साडेसात आणि जेद्द्यात साडेसहा वाजलेले असतात. अब्बांच्या फोनवर ते अ‍ॅप घेतले. आता शुक्रवारी रात्री चाचांशी बोलायला दादी अब्बांची वाट पाहतात. अर्धा अर्धा तास बोलणे होते. तरी दिवसा मध्येच कधी त्यांच्या स्वतःच्या फोनची घंटा वाजते, आणि चाचा दोनच मिनिटे बोलतात. तो कॉल महागच पडतो, पण चाचा म्हणतात, तो असू द्या.

कंपनी बदलायचीच असेल, तर नंबर बदलावा लागत नाही. २० जानेवारी २०११ पासून ही सोय साऱ्या देशात आहे. इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवायचा. उत्तरात एक संकेतांक येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जायचे. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीत मिळत नाहीत, म्हणून मुदत संपत आली असता अर्ज करावा. मुदत संपून फोन बंद पडल्यावर धावपळ करू नये. संकेतांक कोणालाही फोनवर सांगू नये. दर सारखे बदलत असल्यामुळे, रिचार्ज करण्यापूर्वी ट्रायच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र व गोवा हे परिमंडळ निवडून त्या दिवसाचे दर पाहावेत. मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे.

शब्दार्थ

तुलना – मुकाबला, मुवाजना
दर – निर्ख, भाव
मुदत – मीआद
ग्राहक – खरीदार
मक्तेदारी – इजारादारी
किफायतशीर – कम खर्च, फायदेमंद
एकरकमी – यकमुश्त
प्राधान्य – तर्जीह
परिमंडळ – हल्का

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एसटीडीचा जुना दर कोणत्या दोन गोष्टींवर ठरत असे?
(आ) दादींनी फोन उशाशी का ठेवला असेल?
(इ) सर्वांत किफायतशीर रिचार्ज अब्बांनी का घेतला नाही?

२. ‘खिसा ऐकत नाही’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगा व तो स्वतःच्या वाक्यात वापरा.

३. एक रिचार्ज ५६ दिवसांना ३३६ रुपये आणि दुसरा ७० दिवसांना ३८५ रुपये आहे. दिवसाचा खर्च काढा. दुसरा रिचार्ज कोणाला परवडणार नाही?

४. घरातील मोठ्या माणसांची परवानगी घेऊन एका फोनची १५ दिवसांची नोंद पाठातील चार रकान्यांत ठेवा. त्या फोनला इंटरनेट लागते की नाही, ते नोंदीवरून ठरवा.

५. एसटीडी बूथच्या काळात परगावी बोलण्यासाठी काय करावे लागे, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.